पायरीवरचा चोथा

माझी लेक वेइनिंग डॉक्टर आहे आणि मी तोंडाळ आहे. दोन्ही गोष्टी अख्ख्या गल्लीला ठाऊक आहेत. म्हणूनच तिचं ते संशोधन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आई, या कामात मला तुझी एकच मदत हवी आहे. काहीही करू नकोस."

"म्हणजे नक्की काय करू?"

"बघू नकोस, हुंगू नकोस, बोलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"घे. पण तिकडे तोंड करून."

ही माझी पोटची पोर. तेहतीस वर्षं मी थर्मास कारखान्याच्या दवाखान्यात औषधांच्या कप्प्यांपुढे उभी होते. हिचा बाप नाडी बघून चिठ्ठी लिहायचा, मी मुळ्या-साली जोखून पुड्या बांधायचे. डोळे बांधून उभं केलं असतं तरी कुठल्या कप्प्यात काय आहे ते मी नुसत्या वासावर सांगितलं असतं. आणि मला म्हणे हुंगू नकोस!

बरं, संशोधन तरी कशाचं? बापाच्याच काढ्याचं. माझा नवरा, डॉक्टर रान, जाऊन पाच वर्षं झाली. माणूस विसरभोळा, चिडका, घोरण्यात कारखान्याच्या भोंग्याला हरवणारा. पण त्याचा गुडघेदुखीचा काढा म्हणजे काढा. आमचं चोंगचिंग शहर डोंगरावर वसलेलं, कांदापात आणायची म्हटली तरी दोनशे पायऱ्या उतरा आणि तेवढ्याच चढा. त्यात बाराही महिने ओल. इथे माणसाचे केस पांढरे व्हायच्या आधी गुडघे कुरकुरतात. चाळीस वर्षं लोक तो काढा पीत आले आणि बरं वाटतं म्हणत आले. पण वेइनिंगने एका परिषदेत बापाच्या काढ्याचं नाव काढलं तेव्हा एक मोठा प्राध्यापक सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या वडिलांचे शेजारी बरं वाटतं म्हणतात, याला पुरावा म्हणत नाहीत, गोतावळा म्हणतात." ते तिच्या फार जिव्हारी लागलं. माझ्या तर त्याहून जास्त. सहा वर्षं तिने अर्ज केले, खेटे घातले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. काढा खरा ठरला तर सरकारी रुग्णालयांत तो रानांच्या नावाने मिळणार होता. खोटा ठरला तर आमच्या म्हाताऱ्याने जन्मभर लोकांना गढूळ पाणी पाजलं, एवढंच उरणार होतं.

तीन शहरांतली तीन रुग्णालयं होती, त्यातलं एक आमचं. अर्ध्या लोकांना खरा काढा, अर्ध्यांना खोटा. कुणाला कुठला, ते ना पिणाऱ्याला माहीत, ना वेइनिंगला; ती यादी दूर राजधानीत कुलपात. खोट्यात करपवलेले जव, भाताची खरवड, कसलेसे लाकडाचे तुकडे आणि तोंड वाकडं होण्यापुरती एक कडू मुळी. रंग तोच, चव जवळपास तीच. कुणी आत डोकावू नये म्हणून दोन्ही कापडाच्या पुरचुंडीत शिवून टाकलेले. पुरचुंडी मातीच्या भांड्यात उकळायची, सकाळ-संध्याकाळ काढा प्यायचा, बारा आठवडे. दर गुरुवारी पेंग नावाची नर्स आमच्या रहिवाशांच्या हॉलमध्ये बसणार, शून्य ते दहामध्ये किती दुखतं ते विचारणार, आणि बारा पायऱ्या चढायला लावून घड्याळ बघणार.

आता माझं पहिलं पाप सांगून टाकते. काढा कुणाचा आहे, हे लोकांना सांगायचं नव्हतं. वेइनिंग 'बोलू नकोस' म्हणाली होती खरी, पण ते मी आपलं साधारण अर्थाने घेतलं. भाजीवाल्याकडे सांगितलं, माहजाँगच्या सोंगट्या मांडतो त्या टेबलावर सांगितलं, केस कापायला गेले तिथेही सांगितलं. आमच्या रुग्णालयात चाळीस माणसं घ्यायची होती; त्यात सव्वीस आमच्याच गल्लीतली निघाली. सगळी कारखान्यातून निवृत्त झालेली, सगळी रानांची जुनी गिऱ्हाइकं.

त्यात माझी मैत्रीण तान होती. आम्ही दोघी एकाच इमारतीत, मी पाचव्या मजल्यावर आणि ती तळमजल्यावर. आमच्याकडे लिफ्ट नाही. दोन वर्षं झाली, तान माझ्या घरी आली नव्हती. गुडघे असे की उंबरा ओलांडतानाही शिव्या द्यायची. रोज मीच खाली जायचे. ती मुळ्याचं लोणचं काढायची आणि आम्ही जगाची निंदा करायचो.

आणि त्यात लेंग म्हातारा होता. हा कारखान्यात आकडेवारीचा कारकून. तीस वर्षं वरच्या ऑफिसला आकडे पाठवले, तीस वर्षं कारखान्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं. भट्टी बंद होती त्या महिन्यातसुद्धा झालं. हा माणूस लक्षात ठेवा.

पहिला आठवडा मी गप्प बसले. आठव्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन खाली उतरले आणि पायरीवर पाय घसरला. बघते तर काढ्याचा चोथा.

आमच्याकडे काढा उकळून झाला की चोथा कुणी कचऱ्यात टाकत नाही. रस्त्यावर, लोकांच्या पायाखाली येईल असा टाकायचा. चार माणसं तुडवून गेली की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं. कुणाच्या घरी जातं, ते विचारायचं नसतं. आता शिवलेली पुरचुंडी तशीच टाकली तर कोण काय तुडवणार? म्हणून आमच्या लोकांनी काय केलं, कात्रीने उसवल्या आणि पायऱ्यांवर मोकळ्या केल्या. सव्वीस घरांचा चोथा, ज्याच्या-त्याच्या ठरलेल्या पायरीवर सव्वीस ढिगल्या! संशोधनवाल्यांनी रंगाचा विचार केला, चवीचा केला, कापडाच्या टाक्याचासुद्धा केला. पण वेइनिंग, जी लहानपणी रोज चोथा तुडवत शाळेत गेली, तिला हे सुचू नये? शिकून शिकून डोकं जातं ते असं.

मी बघणार नव्हते. शपथेवर सांगते. पण घसरल्यावर माणूस खाली बसतो, आणि खाली बसल्यावर जे नाकासमोर असेल ते दिसतं. ढिगल्यात सालीचा एक तुकडा होता. मी तो उचलून मोडला. दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक रुपेरी तारा ताणल्या गेल्या. अशी तारा सोडणारी साल जगात दुसऱ्या कुठल्या झाडाची होऊच शकत नाही. आमच्या काढ्यात ती तीन माशे पडते, मीच जोखायचे. शेजारी दालचिनीची काडी होती, ज्येष्ठमध होता. खरा काढा. ही लेंगची पायरी.

मग मी उठून घरी जायला हवं होतं. गेले नाही. पुढची ढिगली, त्याच्या पुढची, अशी पिंपरीच्या झाडापर्यंत सरकत गेले. झाडाखालच्या वळणावर तानची जागा. ती पहिल्यापासून तिथेच टाकते, कारण तिथून पोस्टमन जातो आणि तो तिला आवडत नाही. तानच्या ढिगलीत मी बोट घातलं. करपलेले जव. खरवड. लाकडाचा तुकडा मोडला तर खटकन मोडला, तार नाही, काही नाही.

माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या नशिबी जव आले होते.

धावत जाऊन सांगावं असं वाटलं, की बाई गं, फेक ते, मी देते तुला खरा काढा. पण वेइनिंगचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जीभ चावून घरी आले. दात लागून रक्तसुद्धा आलं.

आणि काय सांगू, त्याच आठवड्यात संध्याकाळी दार वाजलं. दारात तान! पाच मजले चढून! हातात लोणच्याची बरणी, कपाळावर घाम, आणि तोंडभर हसू.

"बघतेस काय भुतासारखी? आत घे."

"तू... चढलीस?"

"मग काय उडत आले? अगं, काढा कुणाचा आहे! दहा दिवसांत गुडघे लोण्यासारखे झाले."

मी तिला खुर्ची दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. जव पिऊन! करपलेले जव पिऊन बाई पाच मजले चढली!

त्यानंतर ती रोज यायला लागली. रोज संध्याकाळी दार वाजायचं, रोज तेच, "डॉक्टरांचा हात म्हणजे हात!" मला आधी हसू यायचं, मग हसू यायचं बंद झालं. कारण दर गुरुवारी हॉलमध्ये पेंग विचारायची आणि लोक मोठ्याने उत्तर द्यायचे. दाराशी उभं राहिलं की सगळं ऐकू यायचं. मी दाराशीच भाजी निवडायचे. लेंग खऱ्या काढ्यावर, तो सातावरून सहावर, सहावरून पाचावर आला. तान जवांवर, तीही सात, सहा, पाच. तोवर माझ्या सगळ्या सव्वीस ढिगल्या वाचून झाल्या होत्या: तेरा खरे, तेरा जव. आणि सव्वीसच्या सव्वीस माणसं एका तालात बरी होत होती. गल्लीत रोज संध्याकाळी नाचाची गाणी लागतात, तिथे तीन वर्षं न दिसलेली माणसं फेर धरायला लागली.

माझी झोप उडाली. ज्यांना खरं दिलं ते बरे, ज्यांना खोटं दिलं तेही तितकेच बरे, म्हणजे खरं आणि खोटं एकच. मला गणित येत नाही, पण एवढं कळतं. मी नवऱ्याच्या फोटोपुढे उभी राहून त्याला झाडलं. "तेहतीस वर्षं मला रुपेरी सालीसाठी तीन-तीन गावं हिंडायला लावलंस! जवच पाजायचे होते की मग! धान्याच्या दुकानात उधारीवर मिळाले असते!" फोटो नेहमीसारखाच चिडका दिसत होता. मला रडू आलं. आपण आयुष्यभर जोखून बांधलं ते नुसतं लोकांचं समाधान होतं, हे मला सोसेना.

बाराव्या आठवड्यात, मंगळवारी, मी पैसे विसरले म्हणून बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरले. जिना चढताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी हळू आवाजात शिव्या देत होतं. शिव्या ओळखीच्या होत्या. तान पायरीवर बसली होती, विजारीचे पाय गुडघ्यांवर सरकवून. गुडघे उकडलेल्या रताळ्यासारखे सुजलेले. बाटलीतली दारू तळहातावर घेऊन ती चोळत होती आणि दातांत रुमाल धरला होता.

मला बघून तिने विजार खाली ओढली. "अगं, घसरले जरा."

"तान, खरं सांग."

"सांगितलं ना, घसरले."

"रुमाल तोंडात धरून कोण घसरतं गं?"

आधी हिला धड खुर्चीवर बसवावं म्हटलं. मी तिला हाताला धरून खाली हॉलमध्ये नेलं. तिथे लेंग म्हातारा तिघांबरोबर माहजाँग खेळत बसला होता, आणि त्याच्या कोपराखाली एक चौकटीचा कागद होता. तानला माझ्याबरोबर बघून त्याने तो लपवायला हात घातला. मी आधी पोचले.

कागदावर सव्वीस नावं. पुढे बारा रकाने. पहिल्यात सात, दुसऱ्यात सात, मग सहा, आणि शेवटच्या गुरुवारच्या रकान्यात प्रत्येकापुढे सुबक अक्षरात दोन.

"हे काय आहे?"

"नियोजन," लेंग म्हणाला.

"कसलं?"

"बसा, खुआंगताई. चिडू नका. पोरीने डॉक्टरांच्या काढ्याची परीक्षा मांडली. मग आपण डॉक्टरांना नापास होऊ द्यायचं? मी सगळ्यांना आकडे वाटून दिले. एकदम खाली आणले नाहीत हां, संशय येतो. मधे चौथ्या आठवड्यात दोघा-तिघांना जरा वर नेलं, पावसाळी हवा म्हणून. तीस वर्षांचा अनुभव आहे मला, कुणी माई का लाल पकडू शकणार नाही!"

आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मी आता त्याच्यासाठी कोंबडी शिजवणार.

माझं डोकं फिरलं. "अरे गाढवा! अरे थर्मासच्या भोकातल्या बुचा! तुला कुणी सांगितलं ही परीक्षा अशी पास होते म्हणून? तुमच्यातल्या निम्म्या लोकांना खोटं औषध आहे! खरं पिणारा दोन म्हणाला आणि खोटं पिणाराही दोन म्हणाला, तर औषध हरलं ना! दोन घोडे पळवायचे आणि कुठला पुढे जातो ते बघायचं, तर तुम्ही दोन्हींना खांद्यावर घेऊन एकदम दोरीपाशी उतरवलंत!"

एका म्हातारीच्या हातातली सोंगटी खाली पडली. बिचाऱ्यांनी खरंच हा विचार केला नव्हता. पेंगने पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं, सह्यासुद्धा घेतल्या होत्या. पण सही करताना आमच्याकडे कोण ऐकतं?

लेंगने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "ताई, तुम्ही रोज सकाळी पायऱ्यांवर उकिडव्या बसता, ते सगळ्यांनी पाहिलंय. कुठल्या घरी काय आहे ते तुम्हाला कळलंय ना?"

मी मान डोलावली.

"मग अजून काही बिघडलं नाही. शेवटचं मोजमाप गुरुवारी, परवा. तेच खरं धरतात, असं पेंग म्हणाली होती. तुम्ही फक्त खुणा करा. खरं पिणारे दोन सांगतील, खोटं पिणारे आठ सांगतील. डॉक्टर पहिल्या नंबराने पास!" त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन्सिल ठेवली.

खोटं कशाला बोलू? मी पेन्सिल उचलली. तेरा खुणा करायच्या होत्या, बस. वेइनिंगची सहा वर्षं सोन्याची झाली असती. त्या प्राध्यापकाचं तोंड काळं झालं असतं. आमच्या म्हाताऱ्याचं नाव पाकिटावर छापलं गेलं असतं. आणि हे कुणाला कळलं असतं? कारखान्यात तीस वर्षं कुणाला काय कळलं?

मी पहिली खूण तानच्या नावापुढे करणार होते. म्हणून तिच्याकडे बघितलं.

"तान, आज खरंच किती दुखतंय? लेंगचा आकडा नको."

तिने मान खाली घातली. "आठ. चढताना नऊ."

"आणि पहिल्या दिवसापासून?"

"आठच. कधी कमी झालंच नाही गं. मला वाटलं माझंच शरीर नालायक, औषध तर डॉक्टरांचं आहे."

"मग रोज पाच मजले कशाला चढत होतीस, मेले?"

"तू एकदा म्हणालीस ना, की हा काढा हरला तर त्यांचं सगळं आयुष्य वाया. मग मी म्हटलं, हिला निदान रोज डोळ्यांनी दिसू दे." मग ती जरा रागानेच म्हणाली, "माझ्या आईचं अंग लुळं पडलं तेव्हा आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो. डॉक्टर चाळीस दिवस रोज चढून आले. त्यांचे काय गुडघे लोखंडाचे होते?"

मी पेन्सिल खाली ठेवली. आमच्या म्हाताऱ्याचा आवाज मला स्पष्ट आठवला. दवाखान्यात कुणी भिडेखातर "बरं आहे, डॉक्टर, खूप बरं आहे" म्हणालं, की तो नाडीवरचा हात काढून ओरडायचा, "मला खूश करायला आलात की बरे व्हायला आलात? दुखतंय तर दुखतंय म्हणा! नाहीतर मी औषध कशावर देऊ, तुमच्या गोड बोलण्यावर?" लोक घाबरून खरं सांगायचे आणि मग तो चिठ्ठीतलं एखादं औषध बदलायचा. चाळीस वर्षं तो काढा असा बदलत-बदलत घडला होता. लोकांच्या तक्रारींवर.

मी लेंगचा कागद घडी करून खिशात घातला.

"कुठे चाललात?" लेंग घाबरला.

"लेकीकडे. आणि परवा पेंगला जे दुखत असेल तेच सांगायचं, नाहीतर मी एकेकाच्या घरी येऊन गुडघे मोडीन, म्हणजे आकडा आपोआप खरा होईल."

वेइनिंग रुग्णालयात टेबलावरच डबा खात होती. मी तिला सगळं सांगितलं, चोथ्यापासून पेन्सिलपर्यंत. मधे ती एकदाच बोलली.

"सव्वीसच्या सव्वीस ओळखलेस?"

"साल मोडून."

तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग ती लेंगचा कागद रकान्या-रकान्याने वाचत गेली. चौथ्या आठवड्यातल्या पावसाळी हवेपाशी आली तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. तशी ती लहानपणी पडल्यावर रडायची.

"आई, आमची चाळीसच्या चाळीस माणसं बाद होणार. सगळं केंद्र बाद."

"मला माहीत आहे."

"तू खुणा केल्या असत्यास तर मला कधी कळलंही नसतं."

"माहीत आहे गं. म्हणून तर आले."

तिने डब्याचं झाकण लावलं आणि फोनकडे हात नेला. राजधानीत तिने स्वतःच कळवलं. मोठ्या साहेबाने तिला उभं करून झापलं, चार पानी माफीनामा लिहून घेतला, आणि पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी तेव्हा कुणी बोलावं असं मलाही वाटत नव्हतं. उरलेल्या दोन शहरांत संशोधन चालू राहिलं, एक नवा नियम लावून: पुरचुंडी न उसवता चोथ्यासकट रुग्णालयात परत आणायची, वजन करून घ्यायची. तिथे आमच्या म्हाताऱ्याला कुणी ओळखत नव्हतं. कुणावर त्याच्या चाळीस दिवसांचं ऋण चढलेलं नव्हतं.

आठ महिन्यांनी वेइनिंग धापा टाकत पाच मजले चढून आली.

"आई, फरक आहे! खरा काढा पिणाऱ्यांचं दुखणं दीड आकड्याने जास्त उतरलं!"

"किती?"

"दीड!"

"दीड?" मी ओरडले. "चाळीस वर्षांच्या काढ्याला दीड? भाजीवालासुद्धा वर दोन मिरच्या जास्त टाकतो!"

"आई, दीड म्हणजे पुष्कळ असतं. दीड खरं आहे. कुणाला खूश करायला कुणी सांगितलेलं नाही." असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी मग फोटोपुढे उभ्या राहिलो. मी त्याला म्हटलं, ऐकलंस, दीड. फार चढून जाऊ नकोस.

ज्यांना जव मिळाले होते त्यांना संशोधन संपल्यावर खरा काढा द्यायचा, असा करार होता. तानला मिळाला. आता मीच रोज खाली जाते. तिला पाच मजले चढून येऊ देत नाही. काढा मीच उकळते, ती लोणचं काढते. मी तिला रोज विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दीड महिना विचारलं नाही, हा माझ्या आयुष्यातला विक्रम आहे.

परवा सकाळी विचारलं.

तान काढा प्यायली, वाटी खाली ठेवली आणि दोन्ही गुडघे एकेकदा वाकवून बघितले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले, म्हणजे तिला भीड पडायला नको.

"सहा," ती म्हणाली. "आठाचे सहा झालेत. उठताना अजून दुखतं."

मला इतका आनंद झाला की मी तिला तीन शिव्या दिल्या. मग आम्ही दोघींनी भांड्यातला चोथा नेऊन पिंपरीखालच्या पायरीवर पसरला. ती माझ्या दंडाला धरून सावकाश उतरली. बाकावर बसलो तेवढ्यात लेंग म्हातारा वर्तमानपत्र वाचत वळणावरून आला आणि चोथ्यावर दोन्ही पाय ठेवून, अजिबात न बघता, बाजाराकडे निघून गेला. त्याला हाक मारावी असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.